वाचून तपासले : धाकटी

हिशेबनीस बहिणींच्या त्या कचेरीत दोन टेबलं तोंडाला तोंड लावून ठेवलेली होती. खिडकीकडच्या खुर्चीत थोरली बसायची, दाराकडच्या खुर्चीत धाकटी. दोघींना नावं होती, नाही असं नाही, पण ती पाटीवर आणि शिक्क्यावर. बाकी सगळे त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणायचे. दोघींचे केस पिकले तरी धाकटी ती धाकटीच राहिली. लग्नं दोघींनीही केली नव्हती. कोणी खोचकपणे विचारलंच तर थोरली म्हणायची, "स्थळं यायची ती ऐन कराच्या विवरणपत्रांच्या हंगामात. हंगाम उरकून बघावं, तर स्थळंही उरकलेली." आणि धाकटी मान खाली घालून हसायची.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती, वडिलांनी घालून दिलेली. कोणताही कागद कचेरीबाहेर जाण्याआधी थोरलीने तो मोठ्याने वाचायचा आणि धाकटीने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचा. जुळलं की "हं". पुढची ओळ. जुळलं की "हं". नाही जुळलं, की धाकटी गप्प. 'चूक' हा शब्द तिने थोरल्या बहिणीसमोर जन्मात उच्चारला नाही, नुसती थांबायची. मग थोरलीच कागद नाकाजवळ न्यायची, पुटपुटायची, स्वतःवर चरफडायची, आणि चूक सापडून दुरुस्त झाली की समोरून बिनबोभाट "हं" यायचं. बाहेर बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनाही हे पाठ होतं. आतली शांतता जरा लांबली की शेजारच्या दुकानातला चष्मेवाला कोणाला तरी कोपर मारून म्हणायचा, "थोरली अडकली बघा."

दर महिन्याला कचेरीचं एक पत्रक निघायचं, 'कर आणि खबर' नावाचं. एकच कागद, पण दोन्ही बाजूंनी गच्च भरलेला. पुढच्या बाजूला करसल्ला: कोणती पावती जपून ठेवावी, कोणती मुदत कधी संपते, घरातूनच दुकान चालवणाऱ्याने विजेचं बिल कसं विभागून दाखवावं. मागच्या बाजूला 'आपली माणसं': केस कापणाऱ्याने दुकान कोपऱ्यावर हलवलं, कोणाकडे बाळ आलं, कोण परगावी राहायला गेलं, कोण वारलं. मोटार शिकवणाऱ्या बाईंनी दुसरी गाडी घेतली, ही बातमी थोरलीने 'पहिली झाडावर चढल्यामुळे' असं लिहून सजवली होती, आणि धाकटीने गप्प बसून ते तीन शब्द कापायला लावले होते. लोक कागद हातात आला की आधी उलटा करायचे, मागची बाजू वाचायचे, आणि करसल्ल्याकडे वळायचे ते मुदत डोक्यावर आल्यावर. पण सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, एक ओळ असायची: 'वाचून तपासले : धाकटी'. त्या ओळीवर लोकांचा सरकारपेक्षा जास्त भरवसा होता.

धाकटी गेली ती हंगाम संपल्यावर. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती तशीच. हिशेबनिसाच्या घरातलं माणूस, मुदत पाळूनच गेलं, असं भेटायला आलेलं कोणीतरी हळूच म्हणालं. ते थोरलीच्या कानावर पडलं आणि तिला इतकं पटलं की ती भर माणसांत हसायला लागली. ते हसू आवरता आवरेना. शेवटी चष्मेवाल्याच्या बायकोने तिला आत नेऊन पाणी पाजलं.

कचेरी फार दिवस बंद ठेवून चालणार नव्हतं. थोरली एका दुपारी गेली, कुलूप काढलं, खिडकी उघडली. दाराकडच्या खुर्चीच्या पाठीवर धाकटीचा करडा स्वेटर होता तसाच लटकत होता, कोपरापाशी विरलेला. खुर्चीतली उशी मध्यभागी दबलेली होती. थोरलीने त्या बाजूला पाहायचं टाळलं आणि केस कापणाऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम पुढ्यात ओढलं. ते पुरं झाल्यावर, हाताला जशी सवय असते तशी जिभेलाही असते, ती मोठ्याने वाचायला लागली. "दुकानभाडं," म्हणाली, आकडा वाचला, आणि सवयीनेच थांबली.

"हं."

भरदुपार होती. ऊन टेबलावर पडलं होतं, बाहेर कोणीतरी करकर करत शटर ओढत होतं. आवाज समोरून आला होता, दाराकडच्या खुर्चीतून. बारीक, किंचित नाकात, नेहमीचा.

थोरली घाबरली का? खरं सांगायचं तर नाही. घाबरायला वेळच मिळाला नाही, कारण त्याआधीच तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. डोळे वाहायला लागले, अक्षरं पुसट झाली, तरी तिने पुढची ओळ वाचली, कारण न वाचली तर हे थांबेल असं तिला वाटलं. "वीजबिल."

"हं."

त्या दिवशी तिने तो सगळा कागद दोनदा वाचला.

माणूस सुखालाही लवकर सरावतो आणि भुतालाही. आठवड्याभरात थोरलीने आपले काही नियम बसवले. वाचताना वर पाहायचं नाही. एकदा तिने पाहिलं होतं. समोर नुसता स्वेटर होता, आणि त्यानंतरचं हं बऱ्याच उशिराने आलं, दुखावल्यासारखं. खुर्ची हलवायची नाही. झाडणाऱ्या बाईंना टेबलाच्या त्या बाजूला हात लावू द्यायचा नाही. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार आतून लावून घ्यायचं, कारण वाचायची वेळ तीच. गिऱ्हाइकं बाहेर बाकावर बसून म्हणायची, "बाईंनी वाचायची सवय सोडली नाही, बिचारी." त्यांना फक्त थोरलीचा आवाज ऐकू यायचा.

मग काम संपल्यावरही ती वाचायला लागली. विजेचं बिल. औषधाच्या बाटलीवरची सूचना. वर्तमानपत्रातली जाहिरात: तीन खोल्या, भरपूर उजेड. "हं." घरी जायचं तिच्या जिवावर यायचं. घरी कोणी हं म्हणत नव्हतं. तिथे दोन कपांपैकी एक कप रोज कोरडाच राहायचा, आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. सकाळी मात्र लगबगीने उठायची. गल्लीतले म्हणायचे, थोरलीने चांगलं सावरलं हो, कामात जीव रमवला.

एकच गोष्ट तिच्या हातून होत नव्हती. 'आपली माणसं'मध्ये धाकटीची बातमी द्यायची राहिली होती. पहिल्या महिन्यात तिने ठरवलं, जागा पुरत नाही. पुढच्या महिन्यात शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या बातमीने जागा खाल्ली. त्यानंतर तिने कारण शोधणंही सोडून दिलं. तळाची ओळ होती तिथेच राहिली: 'वाचून तपासले : धाकटी'. गल्लीतल्यांना वाटलं, बहिणीची आठवण म्हणून ठेवली असेल. पण पत्रक टपालाने परगावीही जायचं, आणि तिथल्या लोकांना काहीच वाटायचं कारण नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या होत्या, त्यांचा एकदा फोन आला.

"पत्रक मिळालं बरं का. मी मुलाला म्हटलं, धाकटीने तपासलंय ना, मग डोळे मिटून सही कर. बरी आहे ना ती?"

"आहे," थोरली म्हणाली. तिने कागदावरून नजर उचलली नाही. "समोरच बसलीय."

आणि तिला त्यात खोटं बोलल्यासारखं जराही वाटलं नाही, हेच वाईट.

अशीच पत्रकं निघत राहिली. मग एका सकाळी चष्मेवाला आला. बाकावर न बसता थेट आत आला, हातात 'कर आणि खबर'ची घडी. त्याने स्वतःचा चष्मा कपाळावर चढवला. तसं तो भांडायच्या वेळी करायचा.

"मोठ्या बाई, यंदा दुकानदारांची मुदत कधी आहे?"

"लिहिलंय की. महिनाअखेर."

"माझा मेहुणा म्हणतो पंधरा. त्याच्या हिशेबनिसाने सांगितलंय. यंदा अलीकडे आणलीय म्हणे."

"त्याच्या हिशेबनिसाला म्हणावं..." असं म्हणत थोरलीने खणातून सरकारी परिपत्रक काढलं, आणि बोलता बोलता थांबली. पंधरा. ठळक अक्षरात. ते परिपत्रक तिने स्वतःच्या हाताने खणात ठेवलं होतं, वाचूनच ठेवलं होतं. आणि पत्रक लिहायला बसली तेव्हा गेल्या वर्षीचा मजकूर समोर ठेवून उतरवून काढला होता. चूक कोणाच्याही हातून होते. पण उतरवल्यावर तिने तो मोठ्याने वाचला होता. 'मुदत महिनाअखेर' हे शब्द तिच्या तोंडून या खोलीत निघाले होते, आणि समोरून उत्तर आलं होतं.

"मी त्याच्याशी पैज लावली हो," चष्मेवाला म्हणाला. आवाज खाली आला होता. "म्हटलं, खाली धाकटीचं नाव आहे. ते नाव असताना चूक होणं शक्य नाही."

तो गेल्यावर थोरलीने दार आतून लावलं. जेवणाची सुट्टी व्हायला अजून बराच वेळ होता.

तिने पुढ्यात एक कोरा कागद घेतला आणि त्यावर काहीतरी लिहिलेलं असावं अशा थाटात वाचलं, "पाच आणि चार, अकरा."

"हं."

तिने ओठ ओले केले. "मोटार शिकवणाऱ्या बाईंची गाडी काल पुन्हा झाडावर चढली. या वेळी बाई झाडावर आणि गाडी खाली."

धाकटी असती तर तोंडात पदर कोंबून हसली असती. तिला अशी गोष्ट सांगितली की ती हसून हसून खुर्चीतून घसरायची, मग अर्धा तास काम नाही.

"हं," समोरून आलं. सपाट, वेळेवर.

आवाजाची भीती थोरलीला कधी वाटली नव्हती. न आलेल्या हसण्याची वाटली. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "हे पत्रक वाचणारी सगळी माणसं उद्या मरणार आहेत."

"हं."

"तू धाकटी आहेस."

"हं."

"तू धाकटी नाहीस."

"हं."

थोरलीने वर पाहिलं. स्वेटर, दबलेली उशी, खुर्चीच्या हातावर उन्हाची तिरीप. हे जे काही समोर बसलं होतं, त्याला खऱ्याखोट्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला फक्त ऐकायचं होतं. कोणीतरी बोलत राहावं, ओळीमागून ओळ यावी, एवढीच त्याची भूक होती, आणि थोरली इतके महिने त्याला लोकांच्या मुदती, लोकांची बिलं, लोकांची घरं वाढून देत होती. बोट ठेवायला मूळ कागद समोर कोणाकडे होता? ती स्वतः तरी कुठे ठेवत होती? हं आलं की ती पुढे जायची. हं ऐकण्यासाठीच पुढे जायची. चूक भुताची नव्हती, चूक तिची होती, आणि तिला ते मनातल्या मनातही दुसऱ्या कोणावर ढकलता येईना.

पंधरा तारीख तोंडावर आली होती. तिने फोन ओढला आणि एकेकाला कळवायला सुरुवात केली. केस कापणाऱ्याने शिवी हासडली, मग माफी मागितली. मोटार शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो बरं झालं, मी अजून कागदच गोळा केले नाहीत." काहींनी फोन उचलला नाही, काहींचे नंबर बदललेले होते, आणि परगावच्यांचं काय, ते तर कागदावर विसंबून बसलेले. फोन ठेवून तिने गेल्या काही महिन्यांतलं सगळं काम काढलं आणि तपासलं. या वेळी मनातल्या मनात, तोंड मिटून, मूळ कागदावर बोट ठेवून. बहुतेक बरोबर निघालं. एका ठिकाणी मोटार शिकवणाऱ्या बाईंच्या दोन गाड्यांच्या तीन झाल्या होत्या. ती तपासत असताना खोलीत काही आवाज नव्हता. फक्त समोर कोणीतरी श्वास धरून बसलंय, असं तिला सतत वाटत राहिलं.

दुरुस्तीचा कागद छापून त्याच दिवशी टपालात पडायला हवा होता. ती मजकूर लिहून छापखान्यात गेली. छापखाना शाईकाकांचा. त्यांच्या नखांतली शाई निघून जमाना झाला नव्हता, कारण ती कधी निघालीच नव्हती. यंत्रांशेजारी जन्म काढल्याने कान निम्मे गेले होते, आणि ते मान्य करायला त्यांची तयारी नव्हती. लोक पुटपुटतात, अशी त्यांची तक्रार होती.

शाईकाकांनी मजकूर वाचला. 'गेल्या पत्रकात दुकानदारांची मुदत महिनाअखेर अशी छापली गेली. ती पंधरा तारीख आहे. चूक थोरलीची.' त्यांनी भुवया वर केल्या, पण चुकीबद्दल चकार शब्द काढला नाही. बोट खाली नेलं.

"तळाची ओळ राहिली. 'वाचून तपासले'."

"ती काढायची."

"काय?"

"ती ओळ काढायची, काका!"

"काढतो. मग बातमी कुठाय?"

थोरलीने नजर यंत्राकडे वळवली.

"हे बघा," शाईकाका म्हणाले, "इतकी वर्षं नाव छापलं, आणि एक दिवस न सांगता-सवरता काढलं, तर परगावचे लोक काय समजतील? म्हणतील, बहिणी-बहिणींचं फाटलं. एकीने चूक केली आणि दुसरीला हाकललं. तिच्या नावाला बट्टा का लावता? बातमी द्या. सांगा, मी अक्षरांचे खिळे लावत जातो."

थोरलीच्या तोंडून जेमतेम आवाज निघाला. "धाकटी गेली."

"काय? मोठ्याने बोला, पुटपुटू नका."

"धाकटी गेली."

शाईकाकांनी कानामागे हात धरला. यंत्र धडधडत होतं. थोरलीने श्वास घेतला आणि ओरडली, "धाकटी वारली, काका! माझी धाकटी वारली!"

पलीकडे कागद कापणाऱ्या माणसाने हात थांबवला. यंत्र चालूच राहिलं. शाईकाकांनी मान डोलावली आणि एकेक खिळा उचलायला सुरुवात केली. त्यांना तर माहीतच होतं. ते धाकटीला पोहोचवायलाही आले होते. पण आजवर थोरलीने हे वाक्य कोणाला सांगितलं नव्हतं. सगळे तिलाच येऊन सांगून गेले होते.

"मागे कोण कोण?" त्यांनी न पाहता विचारलं.

"कोण असणार? मी."

"मग तसं घालू. 'तिच्या पश्चात एक बहीण आहे.'" त्यांनी कच्ची प्रत काढून तिच्या हातात दिली, शाई अजून ओली. "वाचून आणा. तुम्ही वाचल्याशिवाय यंत्रावर चढवत नाही. टपाल निघायच्या आत या म्हणजे झालं."

ती प्रत तिथेच वाचता आली असती. खिडकीपाशी उभं राहून, दोन मिनिटांत. शाईकाकांनी खुर्चीही सरकवली. पण थोरली कागद पालथ्या हातावर पेलत कचेरीकडे निघाली. रस्ताभर ती स्वतःला समजावत होती की पद्धत ती पद्धत, कागद टेबलावरच वाचायचा. ते खरं नव्हतं. एक तर तिला वाटत होतं, जिची बातमी तिला आधी कळायला नको? परक्यांच्या हातात कागद पडून तिला कळावं? आणि दुसरं कारण तिने स्वतःशीही नीट उच्चारलं नाही. तिला एकदा, फक्त एकदा, समोरून शांतता हवी होती. बाकी सगळ्याला हं म्हणाली असेल, पाच आणि चार अकराला म्हणाली असेल, पण या एका ओळीला ती गप्प बसेल. गप्प बसली म्हणजे ओळ चुकली. ओळ चुकली म्हणजे खोडता येईल.

कचेरीत शिरून तिने दार लावलं. खुर्चीत बसली. समोर न पाहता प्रत टेबलावर सरळ केली.

"चूक दुरुस्ती," तिने वाचलं.

"हं."

"दुकानदारांची मुदत पंधरा तारीख आहे."

"हं."

"चूक थोरलीची."

"हं."

"आपली माणसं." तिचा आवाज चिरकला. तिने तो सावरला, कारण ताळा घेताना आवाज सरळच असावा लागतो. "कळवण्यास अत्यंत दुःख होते की, या कचेरीतील धाकटी, गेल्या हंगामाच्या अखेरीस, तापाच्या आजाराने, वारली."

ती थांबली. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवून ठेवली. आणखी थोडा वेळ गेला. कधी नव्हे इतका. थोरलीने पेन्सिल उचलली, ओळ खोडण्यासाठी टोक कागदावर टेकलंसुद्धा.

"हं."

तसंच बारीक, नाकातलं. ना रागाचं, ना दुःखाचं. स्वतःच्या मरणालाही ती विजेच्या बिलाला म्हणावं तसं हं म्हणाली होती.

थोरलीने पेन्सिल खाली ठेवली. तिला रडू आलं नाही. आत सगळं एकदम शांत झालं, पाहुणे निघून गेल्यावर घर होतं तसं. तिने मान खाली घातली आणि पुढची, शेवटची ओळ वाचली. पण या वेळी ओठ न हलवता, मनात, त्या ओळीवर आपलंच बोट ठेवून. तिच्या पश्चात एक बहीण आहे. बरोबर होतं. तिने बोट उचललं.

खोली वाट पाहत होती. तिला ते कळत होतं. तिने प्रतीची घडी घातली, ओली शाई बोटांना लागली.

"मग?"

इतक्या महिन्यांत हं शिवाय दुसरा शब्द त्या खुर्चीतून आला नव्हता.

"मग? ताई, मग?"

आता शंका घ्यायला जागा उरली नाही. जगात तिला ताई म्हणणारं एकच माणूस होतं. समोर बसलेली धाकटीच होती; तिला आता आकडे कळत नव्हते, हसू कळत नव्हतं, ती मेली आहे हेही कळत नव्हतं. बहिणीचा आवाज थांबला, एवढंच तिला कळलं होतं, आणि ती घाबरली होती.

उत्तर थोरलीच्या जिभेवर येऊन बसलं होतं. मग काय होणार, बाई, मग मी एकटीच. किंवा नुसतं, मग काही नाही. किंवा पाच आणि चार अकरा. काहीही चाललं असतं. एक शब्द निघाला असता की पलीकडून हं आलं असतं, तिने दुसरा काढला असता, आणि संध्याकाळ होईपर्यंत ती वाचत बसली असती, आणि टपाल निघून गेलं असतं. आणि उद्या पुन्हा. तिला तेच हवं होतं. त्या क्षणी तिला जगात दुसरं काहीही नको होतं.

तिने खालचा ओठ दातांखाली धरला, रक्ताची चव येईपर्यंत धरला. उठली. टेबलाला वळसा घालून दाराकडे जाताना तिला खुर्चीला घासूनच जावं लागलं, आणि स्वेटरची बाही तिच्या हाताला लागली.

"ताई?"

थोरली बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने धाकटीला उत्तर दिलं नव्हतं. कागद हातात धरून ती भराभर छापखान्याकडे चालू लागली, आणि गल्लीत ज्यांनी ज्यांनी हाक मारली, त्यांनाही तिने काही उत्तर दिलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर ती मागेच फिरली असती.